‘नोशनल’चा अर्थ लागेपर्यंत

‘नोशनल’ हे इंग्रजी विशेषण आपल्याला येते, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. नोशन म्हणजे कल्पना, म्हणून नोशनल म्हणजे काल्पनिक, एवढ्या भांडवलावर मी तो शब्द वाचत आले आणि वाचताना कधी अडले नाही. तो मला येत नाही हे भाषांतराच्या एका कामात उघड झाले, आणि त्यानंतर जवळजवळ चार महिने, इतर कामे सांभाळून, मी या एकाच शब्दाचा माग काढत होते. त्या काळात काय केले, कुठे चुकले आणि शेवटी तो शब्द हाताशी कसा आला, ते येथे लिहीत आहे.

आर्थिक व्यवहारांची ओळख करून देणाऱ्या एका इंग्रजी लेखमालेचे मी मराठी भाषांतर करत होते. त्यातला एक लेख व्याजदरांच्या अदलाबदलीच्या करारावर, म्हणजे व्यवहारात ज्याला स्वॅप म्हणतात त्यावर होता. दुसऱ्याच वाक्यात ‘नोशनल प्रिन्सिपल’ असा शब्दप्रयोग आला. प्रिन्सिपलसाठी मुद्दल तयार होते, नोशनलसाठी काल्पनिक. मी ‘काल्पनिक मुद्दल’ असे लिहिले आणि पुढे गेले. आठ दिवसांनी मजकूर तपासून परत आला, तेव्हा त्या दोन शब्दांखाली रेघ ओढलेली होती आणि समासात संपादकांनी लिहिले होते, ‘मुद्दल काल्पनिक, तर त्यावरचे व्याज खरे कसे?’ मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘तुमचा शब्द चूकच आहे असे मी म्हणत नाही. पण काल्पनिक म्हटले की मराठी वाचकाला एक तर गोष्टीतली पात्रे आठवतात, नाही तर बनावट कागदपत्रे. इथे या दोन्हींतले काही नाही. मग इथे नेमके काय आहे, ते तुम्ही मला सांगा.’ मला सांगता आले नाही.

म्हणून आधी तो करारच कागदावर मांडून पाहिला. समजा, दोन पक्षांनी १०,००,००० ही रक्कम धरून एक वर्षाचा करार केला. पहिल्याने तिच्यावर ५ टक्के या ठरावीक दराने व्याज द्यायचे आणि दुसऱ्याने बाजारातल्या दराने. बाजारातला दर त्या वर्षासाठी ४ टक्के ठरला. मग पहिल्याचे देणे ५०,००० झाले, दुसऱ्याचे ४०,००० झाले, दोन्ही रकमा परस्परांत वळत्या झाल्या आणि पहिल्याने दुसऱ्याला फरकाचे १०,००० दिले. या सगळ्यात ते दहा लाख कोणी कोणाला दिले नाहीत, कोणी परत घेतले नाहीत, कोणाच्या खात्यात ते असण्याचीही गरज पडली नाही. तरी त्यांच्यावाचून दहा हजारांचा आकडा निघत नाही. मुद्दल वीस लाख धरले असते, तर देणे वीस हजार झाले असते. हे गणित दोनदा करून पाहिल्यावर संपादकांच्या प्रश्नातली अडचण मला दिसू लागली. ती रक्कम कोणी मनाने रचलेली नव्हती आणि तिच्याबद्दल कोणी कोणाला फसवतही नव्हते. दोघांनी मिळून ती धरली होती, आणि ती का धरली हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

या विशेषणाकडे दुर्लक्ष केल्यास किती मोठा गैरसमज होऊ शकतो, हे त्याच लेखातल्या एका आकड्याने दाखवले. थेट दोन पक्षांमध्ये होणाऱ्या अशा सर्व प्रकारच्या करारांतील नोशनल रकमांची जागतिक बेरीज २०२२ च्या अखेरीस ६०० लाख कोटी डॉलरपेक्षा जास्त होती. त्या वर्षीचे साऱ्या जगाचे एकूण उत्पादन सुमारे १०० लाख कोटी डॉलर होते. विशेषण गाळून हा आकडा वाचला, तर जग स्वतःच्या उत्पन्नाच्या सहापट कर्जात बुडाले आहे, असे कोणालाही वाटेल. विशेषणासकट वाचला, तर एवढ्या रकमा देवघेवींचा हिशेब करण्यासाठी धरलेल्या आहेत, एवढेच तो सांगतो. त्याच करारांचे बाजारमूल्य तेव्हा २० लाख कोटी डॉलरच्या आसपास होते. मी तोपर्यंत विशेषणांना नामाची शोभा समजत असे. इथे सगळे वाक्य एका विशेषणाने तोलून धरले होते.

यानंतर मी शब्दकोश उघडले. त्यांत सापडलेले अर्थ ढोबळमानाने असे होते : कल्पनेशी किंवा संकल्पनेशी संबंधित, प्रत्यक्षात नसून केवळ विचारात असलेले, हिशेबासाठी किंवा अंदाजासाठी धरलेले, व्याकरणात, रूपापेक्षा अर्थावर आधारलेले, आणि अमेरिकेतल्या वापरात, लहरी. अर्थ बरोबर होते, पण या पाचांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते आणि समोरच्या वाक्यात यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा, हे कोशातून कळेना. तेव्हा मी पद्धत बदलली. वाचनात हा शब्द जिथे जिथे येईल, तिथले पूर्ण वाक्य एका पत्त्यावर, म्हणजे जाड कागदाच्या छोट्या कार्डावर, उतरवायचे, शब्दाच्या पुढचे नाम अधोरेखित करायचे आणि पत्त्याच्या मागच्या बाजूला दोन प्रश्नांची उत्तरे लिहायची. ही गोष्ट प्रत्यक्षात आहे का? नसेल, तर ती कशासाठी धरली आहे? असे सुमारे दीडशे पत्ते जमले. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो हे मी पूर्वी ऐकलेले होते, पण ते स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याची किंमत समजत नाही.

सर्वांत मोठा गठ्ठा हिशेबाचा झाला. त्यात रक्कम होती, मूल्य होते, नफा आणि तोटा होता, आणि भाडेही होते. भाड्याचा पत्ता मला विशेष उपयोगी पडला. माणूस स्वतःच्या मालकीच्या घरात राहतो, तेव्हा तो कोणालाच भाडे देत नाही. पण देशाच्या एकूण उत्पादनाचा हिशेब करताना अशा घरांचे भाडे धरले जाते. तसे धरले नाही, तर उद्या सगळ्या घरमालकांनी घरांची अदलाबदल करून एकमेकांना भाडे देण्यास सुरुवात केली, की घरे तीच, राहणारे तेवढेच, आणि उत्पादनाचा आकडा मात्र वाढलेला, अशी विसंगती निर्माण होईल. न दिलेले भाडे धरल्यामुळे हिशेब सत्याच्या जवळ जातो. हा पत्ता लिहिल्यानंतर, नोशनल म्हणजे खोटे ही माझ्या मनातली जुनी छटा कायमची गेली.

याच गठ्ठ्याच्या कडेला एक पत्ता होता, त्यावर नाम होते रेषा. नकाशावरच्या एका नोशनल रेषेबद्दल ते वाक्य होते. इथे मी थबकले, कारण विषुववृत्त ही काल्पनिक रेषा आहे, हे वाक्य मराठीत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावर शाळेपासून आहे, आणि त्यातला काल्पनिक हा शब्द कोणालाही खटकत नाही. विषुववृत्त खोटे आहे असे कोणी समजत नाही. जमिनीवर ते आखलेले दिसणार नाही, पण स्थान सांगण्यासाठी ते लागते, एवढेच सगळे समजतात. म्हणजे काल्पनिक या शब्दात नोशनलचा अर्थ पेलण्याची ताकद आहे. रेषेच्या जोडीला तो चालतो, आणि मुद्दलाच्या जोडीला उभा केला की त्यावर संशयाची सावली पडते, कारण पैशाच्या व्यवहारात कल्पनेला आपण फार पूर्वीपासून भ्यालेलो आहोत. संपादकांच्या आक्षेपाचे कारण शब्दात नव्हते, तर शब्दाच्या शेजारी होते, हे मला या एका पत्त्याने दाखवले.

अर्थ समजत चालला, तसा मी हा शब्द स्वतःच्या इंग्रजीतही वापरू लागले आणि तिथे चुकले. एका परदेशी ग्राहकाला मी कळवले की पहिल्या दुरुस्त्यांचे काही घेणार नाही, मात्र त्यानंतरच्या दुरुस्त्यांसाठी नोशनल शुल्क आकारले जाईल. मला नाममात्र, म्हणजे अगदी थोडे, असे म्हणायचे होते. काम संपल्यावर मी देयक पाठवले, तेव्हा त्यांचे उत्तर आले की शुल्क नोशनल असल्याचे तुम्हीच लिहिले होते, त्यामुळे ते फक्त नोंदीपुरते असेल असे आम्ही समजलो. त्यांचे वाचन बरोबर होते. नाममात्र शुल्काला इंग्रजीत नॉमिनल म्हणतात, आणि ते कितीही थोडे असले तरी खरोखर द्यावे लागते. नोशनल शुल्क हिशेबात दाखवतात, देत नाहीत. दोन शब्दांचा ध्वनी जवळचा, अर्थाचा रंगही थोडा जवळचा, म्हणून माझी गफलत झाली. मी देयक मागे घेतले आणि दोन्ही शब्द एका पत्त्यावर शेजारी शेजारी लिहून त्यांच्याखाली एकच प्रश्न लिहिला, ‘पैसे हलतात का?’ त्यानंतर ही चूक झालेली नाही.

दुसरा शेजारी होता हायपोथेटिकल. त्याचा आणि नोशनलचा फरक शब्दांत पकडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. हायपोथेटिकलमध्ये एक ‘जर’ असतो : जर असे झाले, तर काय होईल. तो प्रसंग घडेल किंवा घडणार नाही, प्रश्न खुला राहतो. नोशनलमध्ये प्रश्न खुला नसतो. ते दहा लाख दिले जाणार नाहीत, हे आधीच ठरलेले असते, आणि तरीही त्यांच्यावरून आजच्या आज खरा आकडा काढायचा असतो. मराठीत या दोन्हींना आपण ‘समजा’ म्हणतो, हे लक्षात आले तेव्हा मला आपल्या गणिताची जुनी वाट आठवली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, इष्टकर्म नावाची रीत दिलेली आहे. उत्तर माहीत नसताना सोयीची कोणतीही एक संख्या घ्यायची, उदाहरणात सांगितलेल्या सगळ्या क्रिया तिच्यावर करायच्या, आणि आलेला निकाल व अपेक्षित निकाल यांच्या प्रमाणावरून खरे उत्तर काढायचे. एखाद्या संख्येचा अर्धा आणि तिसरा भाग मिळून ५० होतात, तर ती संख्या कोणती? सहा घेतली तर अर्धे तीन, तिसरा भाग दोन, बेरीज ५. हवेत ५०, म्हणजे दसपट, संख्या ६०. ते सहा हे उत्तर नाही आणि उत्तराचा अंदाजही नाही, पण त्या सहांवाचून साठ हाती येत नाहीत. इष्ट राशी हे नोशनल संख्येचे इतके चोख उदाहरण आहे की यापुढे कोणाला हा शब्द समजावून सांगताना मी स्वॅपऐवजी इथूनच सुरुवात करीन.

इथवर आल्यावर शब्द आवाक्यात आला असे वाटले होते, पण भाषाशास्त्राच्या लेखांतले पत्ते काही केल्या या गठ्ठ्यात बसेनात. नामाची, क्रियापदाची नोशनल व्याख्या, नोशनल प्रवर्ग, नोशनल अनुरूपता. इथे ना हिशेब होता, ना धरून चालणे. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने १९२४ च्या आपल्या व्याकरणविषयक ग्रंथात हा शब्द ज्या अर्थाने वापरला आहे, तो समजून घेण्यासाठी मी ती उदाहरणे सोडून मराठी उदाहरणे घेतली, आणि मगच ते उलगडले. आपण एखाद्याला ‘आलोच’ म्हणतो, तेव्हा क्रियापदाचे रूप भूतकाळाचे असते आणि आपण अजून आलेलो नसतो. रूपाचा काळ एक, मनातला काळ दुसरा. या मनातल्या काळाला, जो कोणत्याही भाषेच्या रूपांवर अवलंबून नाही, त्याला येस्पर्सन नोशनल बाजूला ठेवतो आणि रूपाला व्याकरणाच्या. लिंगाचेही तेच. ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, पण समोरचे मूल मुलगा असते किंवा मुलगी असते.

अनुरूपतेचे उदाहरण तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. मंडळी हा शब्द रूपाने स्त्रीलिंगी एकवचनी, म्हणून ‘सगळी मंडळी जेवायला बसली’ असे आपण म्हणतो. पण तोच माणूस पुढच्या वाक्यात ‘ही मंडळी नेहमी उशिरा येतात’ असेही म्हणतो, आणि त्यात कोणाला चूक वाटत नाही, कारण डोळ्यांसमोर पुष्कळ माणसे असतात आणि क्रियापद शब्दाचे न ऐकता त्या माणसांचे ऐकते. इंग्रजीत समिती या अर्थाच्या शब्दापुढे कधी एकवचनी तर कधी अनेकवचनी क्रियापद येते, विशेषतः ब्रिटिश लेखनात, त्यालाच नोशनल अनुरूपता म्हणतात. व्याख्येचेही तसेच. नाम म्हणजे व्यक्ती, वस्तू, गुण यांचे नाव, ही अर्थावरून केलेली, म्हणजे नोशनल व्याख्या. आणि ज्याला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी सामान्यरूप होते, जसे घोडा आणि घोड्याला, ते नाम, ही वर्तनावरून केलेली व्याख्या. पहिली शिकवायला सोपी आहे, दुसरी वापरायला भक्कम आहे. भाषाशिक्षणात १९७६ मध्ये डी. ए. विल्किन्स यांनी नोशनल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली, त्यातही हाच अर्थ आहे : धडे क्रियापदांच्या रूपांनुसार न लावता काळ, परिमाण, स्थळ, वारंवारता अशा अर्थकल्पनांनुसार लावायचे. या अभ्यासक्रमाला कोणी काल्पनिक अभ्यासक्रम म्हटले, तर अर्थाचा केवढा अनर्थ होईल, हे वेगळे सांगायला नको. इथे ‘अर्थाधिष्ठित’ हा शब्द मला योग्य वाटला आणि अजूनही वाटतो.

तत्त्वज्ञानातला एकच पत्ता मी ठेवला आहे. जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० मध्ये संमतीचे दोन प्रकार केले, नोशनल आणि खरी. एखादे विधान अमूर्त विचार म्हणून मान्य करणे ही पहिली. त्याचे मूर्त चित्र मनापुढे उभे राहून ते आतून पटणे ही दुसरी. म्हणजे इथे कल्पनाशक्ती दुसऱ्या बाजूला, खऱ्या संमतीच्या बाजूला काम करते, आणि नोशनलला काल्पनिक म्हटले तर भाषांतर नेमके उलटे होते. ‘वैचारिक संमती’ म्हणता येईल. मृत्यू सर्वांना आहे, हे आपण वैचारिक पातळीवर लहानपणीच मान्य करतो; ते पटायला पुढे पुष्कळ वर्षे लागतात.

शेवटचा मोठा गठ्ठा ‘नोशनली’ या क्रियाविशेषणाचा होता. इथे छटा बदलते आणि ती सांभाळली नाही तर लेखकाचा सूरच हरवतो. एखादी संस्था नोशनली स्वतंत्र आहे, एखादा अधिकारी नोशनली प्रमुख आहे, असे इंग्रजीत लिहितात, तेव्हा लेखक हिशेबासाठी काही धरत नसतो. कागदावर तसे आहे, प्रत्यक्षात तसे नाही, असे तो सुचवत असतो. नियंत्रण, स्वातंत्र्य, अधिकार अशा नामांच्या आधी विशेषण आले तरी बहुधा हीच छटा येते. यासाठी मराठीत ‘कागदोपत्री’ आणि ‘नावापुरता’ हे दोन्ही शब्द उत्तम आहेत. रकमेच्या बाबतीत निर्मळ असलेला शब्द सत्तेच्या बाबतीत तक्रार करतो, आणि हे कोणत्याही कोशात मला एवढे स्पष्ट दिसले नव्हते. ते पत्ते शेजारी ठेवल्यावरच दिसले. अमेरिकेतल्या लहरी या अर्थाचे जेमतेम दोन पत्ते मिळाले, ते मी वेगळे काढून ठेवले.

वापराच्या काही बारीक गोष्टीही याच वाचनातून कळल्या. या विशेषणाला इंग्रजीत ‘फार’ सहसा लागत नाही, कारण रक्कम धरलेली असते किंवा नसते, ती फार धरलेली असू शकत नाही. ‘केवळ’ आणि ‘निव्वळ’ या अर्थाचे शब्द मात्र सहज लागतात. ते बहुधा नामाच्या आधी येते. नामानंतर, वाक्याच्या शेवटी आले, तर पुष्कळदा त्याआधी ‘निव्वळ’ असतेच, आणि मग वाक्याला खुलाशाचा सूर येतो : घाबरू नका, हा आकडा देण्याघेण्याचा नाही.

या सगळ्या अर्थांना बांधणारे सूत्र मला व्युत्पत्तीत सापडले. नोशन हा शब्द लॅटिन नोशिओपासून आला, आणि नोशिओ हा नोस्केरे म्हणजे ओळखणे, जाणणे या धातूपासून. त्या धातूच्या आरंभी पूर्वी ग होता. तो कॉग्निशनमध्ये आजही ऐकू येतो, आणि इंग्रजी नो, म्हणजे जाणणे, या शब्दाच्या लेखनात न उच्चारला जाणारा के हा त्याचाच सोबती आहे. संस्कृत ज्ञा हाही त्याच कुळातला. संस्कृत जानाति, प्राकृत जाणइ, मराठी जाणणे. म्हणजे ज्या शब्दाला मी इतकी वर्षे कल्पनेच्या घरचा समजत होते, तो मुळात जाणिवेच्या घरचा आहे. नोशनल म्हणजे जे हाताने धरता येत नाही, जे मनाने जाणायचे, ते. हिशेबात ते मनाने धरलेले असते, व्याकरणात ते मनातल्या अर्थाचे असते, आणि सत्तेच्या संदर्भात ते मनातच राहिलेले, व्यवहारात न उतरलेले असते. आपल्याकडेही समजणे या एका क्रियापदात कळणे आणि धरून चालणे हे दोन्ही अर्थ नांदतात; ‘मला समजले’ आणि ‘मी तसे समजत होते’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, पण क्रियापद एकच आहे.

जाणीव या शब्दाने मला आणखी एका शब्दाकडे नेले. कोरणे यावरून कोरीव, आखणे यावरून आखीव, घडवणे यावरून घडीव, तसे मानणे यावरून मानीव. कायद्याच्या मराठीत हा शब्द डीम्ड या इंग्रजी शब्दासाठी रूढ आहे, आणि डीम्ड व नोशनल यांत फरक आहेच : पहिल्यात कायदा एखादी गोष्ट तशी मानायला लावतो, दुसऱ्यात हिशेब करणारे आपसांत ती तशी धरतात. पण मानीव या शब्दात फसवणुकीचा वास नाही, आणि कोणीतरी समजून उमजून ती गोष्ट मानली आहे, हे त्याच्या घडणीतच दिसते.

मी संपादकांना तो परिच्छेद नव्याने लिहून पाठवला. पहिल्या उल्लेखाच्या जागी असे लिहिले : ‘या करारात एक मुद्दल धरलेले असते. ते कोणी कोणाला देत नाही. व्याजाची आकारणी करण्यापुरतेच ते मानलेले असते, म्हणून त्याला मानीव मुद्दल म्हणतात.’ पुढे सगळीकडे मानीव मुद्दल एवढेच ठेवले. त्यांचा फोन आला. ‘आता व्याज खरे वाटते,’ ते म्हणाले, आणि मग त्यांनी विचारले, ‘पण लेखमालेत पुढे जिथे जिथे हा शब्द येईल, तिथे हाच ठेवणार का?’ मी नाही म्हटले, आणि या वेळी कारण सांगता आले. भाड्याला ‘मानीव’ चालेल, रेषेला ‘काल्पनिक’च राहू द्यावे, आणि नियंत्रणाबद्दलच्या लेखात ‘नावापुरते’ लिहावे लागेल. ते म्हणाले, ‘मग तसे एक टिपण करून पाठवा, बाकीच्या भाषांतरकारांनाही द्यायचे आहे.’ त्या टिपणासाठी पत्ते पुन्हा लावत असताना हा मजकूर लिहायचे मनात आले.

त्याच सुमारास, शुल्काचा घोटाळा झाला होता त्याच ग्राहकाकडून नवे काम आले. भाषांतर कधी पूर्ण होईल, असे त्यांनी विचारले होते. मूळ मजकुराचा शेवटचा भाग माझ्या हाती यायचा होता, त्यामुळे नक्की तारीख देता येत नव्हती, आणि तारखेवाचून त्यांना छपाईची आखणी करता येत नव्हती. मी महिन्याची २० तारीख कळवली आणि तिच्या आधी तोच शब्द लिहिला, या वेळी पूर्ण विचार करून. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की आखणीसाठी २० तारीख धरली आहे. शेवटचा भाग मिळाला की प्रत्यक्ष तारीख कळवावी.